भीतीचा खर्च

२०१४ सालच्या अखेरीस एका डॉक्टरच्या डाव्या डोळ्याचा रंग बदलला. निळा डोळा काही दिवसांत हिरवा झाला. डॉक्टरचे नाव इयन क्रोझियर. जागतिक आरोग्य संघटनेच्या वतीने हा माणूस पश्चिम आफ्रिकेतील सिएरा लिओन या देशात, केनेमा गावच्या सरकारी इस्पितळात इबोलाच्या रुग्णांची सेवा करत होता. सप्टेंबरमध्ये तोच इबोलाच्या तावडीत सापडला. विमानाने त्याला अमेरिकेत अटलांटाच्या एमोरी विद्यापीठाच्या रुग्णालयात नेले आणि मृत्यूच्या दारातून चाळीसेक दिवसांनी परत आणले. ऑक्टोबरमध्ये घरी सोडताना त्याच्या रक्तात विषाणूचा मागमूस नव्हता. सगळ्या व्याख्यांनी तो बरा झाला होता.

मग डोळा दुखू लागला, लाल झाला, नजर अंधुक होत गेली. डॉक्टरांनी डोळ्याच्या आतल्या पाण्यात सुई घालून थेंबभर द्रव काढला आणि तपासला. रक्तातून केव्हाच नाहीसा झालेला इबोला त्या थेंबात होता. त्याच वेळी त्याचे अश्रू तपासले, पापणीखालची ओल तपासली, तिथे मात्र काही सापडले नाही. म्हणजे या माणसाशी हात मिळवायला, त्याच्याबरोबर जेवायला, त्याचे डोळे पुसायलादेखील हरकत नव्हती; आणि तरीही तो विषाणू त्याच्यात होता. आम्हाला या घटनेने बरीच वर्षे सोडलेले नाही. वैद्यकातला चमत्कार म्हणून नव्हे. माणूस 'बरा झाला' असे आपण म्हणतो तेव्हा नेमके काय म्हणतो, आणि ते म्हणण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न इतक्या स्वच्छ रूपात क्वचितच समोर येतो.

डोळ्याच्या आतल्या या दाहाला डॉक्टर मंडळी युव्हिआयटिस म्हणतात. बुबुळाचा रंगीत पडदा आणि त्याच्या मागचा रक्तवाहिन्यांनी भरलेला थर मिळून जो भाग होतो, त्याला अरबी हकीम 'इनबिया' म्हणत. इनब म्हणजे द्राक्ष. सोललेल्या काळ्या द्राक्षासारखा दिसतो म्हणून. युरोपातल्या वैद्यांचा 'युव्हिया' हा शब्दही द्राक्षावरूनच आला. या द्राक्षाची एक खासियत आहे. शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा इतर अवयवांत जशी बेधडक घुसते, हाणामारी करते, तशी डोळ्यात करत नाही. कारण सूज म्हणजे नासधूस, आणि डोळ्यातली थोडी नासधूससुद्धा दृष्टी घेऊन जाते. हातावर व्रण राहिला तर हात चालतो, नेत्रपटलावर व्रण राहिला तर माणूस आंधळा होतो. म्हणून शरीराने डोळ्याला एक खास सवलत देऊन ठेवली आहे. रक्त आणि डोळा यांच्यामध्ये पहारा आहे, आत फौजफाटा कमी आहे. आणि नेमक्या याच सवलतीचा फायदा घेऊन विषाणू तिथे लपून राहतो. बाहेर लढाई संपते, आत एक जण दडलेला असतो. पुढे कधीतरी फौजेला त्याचा सुगावा लागला की ती आत शिरते, आणि डोळ्याचे नुकसान मग विषाणूच्या हातून किती आणि फौजेच्या हातून किती, हे सांगणे अवघड होऊन बसते. इलाजही तसाच पेचाचा. सूज उतरवायला स्टेरॉइड द्यावे तर पहारा आणखी सैल होतो. न द्यावे तर सूजच डोळा खाऊन टाकते. क्रोझियरला दोन्ही बाजूंनी औषध दिले गेले, विषाणूविरुद्धही आणि सुजेविरुद्धही. त्याची दृष्टी परत आली. डोळ्याचा निळा रंगही परत आला.

हे दूर आफ्रिकेतले काही अद्भुत आहे असे समजायचे कारण नाही. नागीण आपल्याकडे कोणाला माहीत नाही? लहानपणी कांजिण्या येऊन जातात, पोर बरे होते, आई नजर उतरवते. तो विषाणू मात्र जात नाही. मज्जातंतूंच्या मुळाशी चाळीस-पन्नास वर्षे झोपून राहतो आणि उतारवयात अंग थकले की नागीण होऊन उठतो. कपाळावर उठली आणि नाकाच्या शेंड्यावर पुरळ आले, तर डोळा धोक्यात आहे असे समजून त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. नागिणीचे तोंड आणि शेपूट जुळले की माणूस दगावतो या समजुतीपायी, ती जुळू नये म्हणून लेप लावत बसण्यात जे दिवस जातात, तेच डोळा वाचवण्याचे दिवस असतात. असो. सांगायचे ते हे की आपल्यातल्या बहुतेक प्रौढ माणसांच्या शरीरात असा एखादा जुना पाहुणा मुक्कामाला आहेच. शंभर टक्के 'साफ' असा माणूस शोधू गेलो तर वस्तीत सापडायचा नाही.

एड्सच्या रुग्णांच्या बाबतीत तर याहून विलक्षण गोष्ट डॉक्टरांनी पाहिली. प्रतिकारशक्ती ढासळलेल्या रुग्णांच्या नेत्रपटलावर सायटोमेगॅलो नावाचा विषाणू पसरतो आणि दृष्टी जाते. २००४ च्या एप्रिलपासून भारत सरकारने एचआयव्हीवरील औषधे मोफत द्यायला सुरुवात केली. औषधांनी ताकद परत येऊ लागली की काही रुग्णांच्या त्याच डोळ्यात नव्याने सूज येते. फौज परत उभी राहते आणि जुन्या रणांगणावर पुन्हा तुटून पडते. रोगाची नव्हे, बरे होण्याची सूज! असा रुग्ण ना आजाऱ्यांत मोडतो ना बऱ्यांत. त्याच्या घरच्यांना, त्याच्या मालकाला, त्याच्या होणाऱ्या सासरच्यांना मात्र एका शब्दात उत्तर हवे असते.

आता केनेमाकडे वळू. क्रोझियर तिथे पोहोचण्यापूर्वी त्या इस्पितळातला तापाचा विभाग शेख उमर खान नावाचे डॉक्टर चालवत होते. त्या देशातला या तापांचा सर्वांत जाणता माणूस. त्यांनाही इबोला झाला. कैलाहून येथल्या उपचार केंद्रात त्यांना ठेवले होते, आणि तिथे एका प्रायोगिक औषधाचा साठा हाताशी होता. ते द्यावे की न द्यावे यावर डॉक्टरांचा खल झाला. माणसांवर न तपासलेले औषध एका आफ्रिकी डॉक्टरला दिले आणि तो दगावला, तर लोकांचा उरलासुरला विश्वास उडेल, असे मत पडले. औषध दिले नाही. या चर्चेची कल्पना खुद्द खान यांना दिली गेली नव्हती. २९ जुलै २०१४ रोजी ते वारले. थोड्याच दिवसांत तेच औषध लायबेरियात आजारी पडलेल्या दोघा अमेरिकनांना देण्यात आले आणि ते दोघे वाचले. औषधामुळेच वाचले असे कोणी छातीठोकपणे म्हणत नाही. पण ज्याच्या जिवाचा निर्णय होता त्यालाच विचारले नाही, हे शल्य उरते. लोकांच्या मनात भीती उत्पन्न होईल ही शंका डॉक्टरांची होती. तिची किंमत खान यांनी दिली.

त्या साथीत २८ हजारांवर माणसांना लागण झाली, ११ हजारांवर मेली. उरलेली बचावली. या बचावलेल्यांना केंद्रातून बाहेर पडताना एक प्रमाणपत्र मिळत असे, या व्यक्तीला आता इबोला नाही असे लिहिलेले. कागद घेऊन माणूस गावी जायचा तर घरातल्या गाद्या, कपडे जाळलेले असायचे, भाडेकरू असेल तर कुलूप बदललेले, बाजारात त्याच्या हातून कोणी मासळी घेत नसे. काही महिन्यांत यांतल्या अनेकांचे डोळे दुखू लागले. सिएरा लिओनमधील पोर्ट लोको येथे २७७ बचावलेल्यांची तपासणी झाली, त्यांत १८ टक्क्यांना युव्हिआयटिस होता. दाह वेळेवर शमवला नाही तर मोतीबिंदू होतो, आणि तरण्या पोरांना, लहान मुलांना मोतीबिंदू झाले. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ही डोळ्यांच्या डॉक्टरांच्या रोजच्या हातातली गोष्ट. पण अटलांटाची बातमी त्यांनीही वाचली होती. बुबुळ उघडायचे म्हणजे नेमके तेच पाणी बाहेर येणार ज्यात विषाणू लपतो. सुरीला हात कोण घालणार? त्या देशात डोळ्यांचे शल्यविशारद मूठभर. त्यांतला एक जरी गेला, तर हजारोंचे मोतीबिंदू तसेच राहणार.

इथे कोणाला भेकड म्हणणे सोपे आहे आणि अन्यायाचे आहे. ही भीती वेडगळ नव्हती.

इस्लामी परंपरेला हा प्रश्न नवा नाही. हिजरी १८, म्हणजे इ. स. ६३९ च्या सुमारास शाममध्ये अमवासची प्लेगची साथ पसरली. हजरत उमर (रजि.) लवाजम्यासह तिकडे निघाले होते. सरग या ठिकाणी त्यांना साथीची खबर मिळाली. सल्लामसलत झाली, मतभेद झाले आणि त्यांनी परतायचे ठरवले. हजरत अबू उबैदा (रजि.) यांनी विचारले, की अल्लाहने लिहिलेल्यापासून आपण पळता आहात काय? उमरनी दिलेल्या उत्तराचा आशय सर्वांना ठाऊक आहे: एका तकदिरीकडून दुसऱ्या तकदिरीकडेच आपण जातो आहोत. नंतर अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांनी पैगंबर (स.) यांचा आदेश सांगितला, की साथीच्या गावात शिरू नये आणि त्या गावात असाल तर बाहेर पडू नये.

ही कथा आपल्या सभांतून बहुधा विज्ञाननिष्ठेचा दाखला म्हणून सांगितली जाते आणि उमरच्या उत्तरापाशी संपवली जाते. आम्हाला वाटते की खरी कथा त्यापुढे आहे. उमर परतले. अबू उबैदा आपल्या माणसांत गेले, पुढे बोलावणे आले तरी त्यांना सोडून यायला तयार झाले नाहीत, आणि त्याच साथीत वारले. परंपरेने दोघांनाही आदराने जपले. आदेशाचे दोन्ही भाग नीट पाहिले तर लक्षात येते की त्यात धोका टाळायला सांगितले आहे खरे, पण टाळण्याचा भार दोन्ही बाजूंवर टाकला आहे. बाहेरच्याने आपला प्रवास सोडायचा, आतल्याने आपली सुटका. आजाऱ्याला गावाबाहेर हाकला, असे त्यात कुठेच नाही.

हदीसच्या संग्रहांत संसर्गाविषयी वरवर परस्परविरोधी वाटणारी वचने आहेत. एकात संसर्ग म्हणून काही नाही अशा अर्थाचे, दुसऱ्यात कुष्ठरोग्यापासून दूर पळण्याचे, तिसऱ्यात आजारी उंट निरोगी उंटांच्या कळपात नेऊ नये असे. एका कथनात पैगंबरांनी (स.) कुष्ठरोग्याचा हात धरून त्याला आपल्याच ताटात जेवायला बसवले असे येते, त्याची सनद मात्र अभ्यासकांनी दुबळी मानली आहे. चौदाव्या शतकात काळ्या मृत्यूची साथ अंदलुसियात आली तेव्हा ग्रॅनडाच्या लिसानुद्दीन इब्नुल खतीब यांनी स्पष्ट लिहिले, की संसर्ग अनुभवाने सिद्ध आहे, आणि वचन डोळ्यांना दिसणाऱ्या पुराव्याविरुद्ध जात असेल तर वचनाचा अर्थ पुन्हा लावावा लागेल. १३७४ मध्ये हा माणूस फेसच्या तुरुंगात मारला गेला. आरोप धर्मबाह्य विचारांचा होता, राजकारणही होते. त्याचे ऐकले असते तर किती जीव वाचले असते, हा हिशेब आता कोण करणार!

पण संसर्ग खरा आहे एवढे मानून नैतिक प्रश्न सुटत नाही, तिथून तो सुरू होतो. संसर्ग खरा आहे, भीती साधार आहे, मग त्या भीतीचा खर्च कोणी द्यायचा? आमच्या मते एहतियात आणि बदगुमानी यांच्यातला फरक इथेच ओळखता येतो. हातमोजे घालणे, तपासणी करणे, सहा महिने थांबणे, जास्तीचे पैसे आणि वेळ घालणे, या सगळ्याचा खर्च भिणाऱ्याने निदान वाटून घेतलेला असतो. ही एहतियात. कुलूप बदलणे, नोकरीवरून काढणे, दारातून परत पाठवणे यांत भिणाऱ्याला काहीच पडत नाही, सगळे बिल ज्याची भीती वाटते त्याच्या नावावर. दोघांच्या तोंडी शब्द एकच असतो, 'काळजी घ्यायला हवी.' शब्दावरून काही कळत नाही. पैसे कोणाच्या खिशातून गेले ते पाहावे.

पश्चिम आफ्रिकेत मय्यतीच्या प्रश्नावर ही कसोटी लागली. सिएरा लिओन आणि गिनी हे मुस्लिमबहुल देश. गुसल देणाऱ्यांना मृतदेहावरून लागण होत होती, आणि नव्या रुग्णांतले बरेच जण दफनातून येत होते. सुरुवातीला चिलखतासारखे पोशाख घातलेली माणसे येत, प्रेत पिशवीत घालून घेऊन जात, घरच्यांना कबर कुठे हेही कळत नसे. लोकांनी प्रेते लपवायला सुरुवात केली, साथ आणखी पसरली. मग २०१४ च्या शेवटी जागतिक आरोग्य संघटनेने इमाम आणि पाद्री यांच्याबरोबर बसून नियम नव्याने लिहिले: गुसलऐवजी प्रशिक्षित माणसाकडून तयम्मुम, पांढरे कफन, नमाजला अंतरावरून का होईना घरच्यांची हजेरी, कबरीवर नाव. गुसलचा आग्रह सोडणे ही लहान गोष्ट नव्हती, ती इमामांनी सोडली. काळी पिशवी सोडून पांढरे कफन आणणे ही यंत्रणेला गैरसोय होती, ती यंत्रणेने पत्करली.

महाराष्ट्रातल्या वाचकांना हे वाचताना २०२० आठवल्याशिवाय राहणार नाही. ३० मार्च २०२० रोजी मुंबई महापालिकेने कोरोनाने मेलेल्या सर्वांचे, धर्म कोणताही असो, दहनच होईल असा आदेश काढला आणि त्याच दिवशी मागे घेतला. वांद्र्याच्या कब्रस्तानाविरुद्ध रहिवासी न्यायालयात गेले, मे महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने त्यांची याचिका फेटाळली, दफनातून विषाणू पसरतो याला पुरावा नाही म्हणून. ऑगस्टमध्ये औरंगाबाद खंडपीठाने तबलिगी परदेशी पाहुण्यांवरचे गुन्हे रद्द करताना त्यांना बळीचा बकरा केले गेले असे नोंदवले. 'वाहक' या शब्दाने एखाद्या जमातीला कसे झाकून टाकता येते ते तेव्हा दिसले. भाजीवाल्याला नाव विचारले जात होते. ज्यांना नाव विचारले गेले, त्यांच्या मोहल्ल्यात एचआयव्ही असलेल्या विधवेला लग्नाच्या पंगतीत कुठे बसवतात, कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्या माणसाला सफमध्ये शेजारी जागा मिळते का, हेही विचारायला हवे. खर्च दुसऱ्यावर ढकलण्याची ही सवय कोणा एका धर्माची मिरासदारी नाही.

यावर एक आक्षेप आहे आणि तो हलका नाही. २०२१ च्या फेब्रुवारीत गिनीच्या नझेरेकोरे भागात इबोला पुन्हा उद्भवला. विषाणूची जनुके तपासली तेव्हा तो जंगलातून नव्याने आलेला नव्हता. २०१४ च्या साथीतल्या विषाणूशी तो जवळजवळ तंतोतंत जुळत होता. म्हणजे पाच-सहा वर्षे तो कोणा बचावलेल्याच्या शरीरात राहिला होता. बातमी फुटली तशी सगळ्या बचावलेल्यांकडे पुन्हा बोटे वळली. आता म्हणा, की कुलूप बदलणारा घरमालक चुकला होता?

आम्ही म्हणतो, चुकला होता. हाकललेला माणूस तपासणीला येत नाही. ताप आला तर लपवतो, डोळा दुखला तर कोपऱ्यात बसून सोसतो. लपलेला विषाणू शोधायचा तर ज्याच्या शरीरात तो आहे त्याचीच मदत लागते, आणि दार लावून घेतलेल्या गावाला ती मदत तो का करील? बचावलेल्यांच्या देहाचा दुसराही उपयोग विसरता येत नाही. अटलांटात क्रोझियरला जे रक्तद्रव्य चढवले होते ते केनेमातच इबोला होऊन बऱ्या झालेल्या एका ब्रिटिश परिचारकाचे होते.

कुरआनातल्या 'अबस' या सुरेचा संदर्भ इथे आठवतो. अबस म्हणजे कपाळाला आठी घालणे. हजरत अब्दुल्लाह इब्न उम्म मक्तूम हे दृष्टिहीन होते. कुरैशांच्या बड्या मंडळींशी बोलणे चालू असताना ते मध्येच काही विचारायला आले, आणि कपाळावर उमटलेल्या आठीबद्दल वह्यीतून जाब आला, असे भाष्यकार सांगतात. आठी न दिसणाऱ्या माणसासमोर घातली होती. त्याला ती दिसणे शक्यच नव्हते. तरीही हिशेब मागितला गेला. पुढे हेच अब्दुल्लाह मदिनेत अजान देत.

फ्रीटाऊनच्या किसी भागातल्या डोळ्यांच्या रुग्णालयात २०१६ पासून एक काम झाले. एमोरीचे डॉक्टर आणि सिएरा लिओनचे डॉक्टर यांनी मिळून डोळ्यांचे विकार असलेल्या ५० बचावलेल्यांना बोलावले. शस्त्रक्रियेआधी प्रत्येकाच्या डोळ्यातले पाणी सुईने काढून तपासायचे, असे ठरले. सुई धरणारे नखशिखान्त पोशाखात, त्या उष्म्यात. आणि ज्यांच्या डोळ्यात सुई जायची ती माणसे, त्यांत मुलेही होती, आपल्यासाठी कमी आणि डॉक्टरांच्या खात्रीसाठी जास्त असलेली ही टोचणी सोसायला टेबलावर निजली. क्रोझियर स्वतः या कामात होते. पन्नासांपैकी एकाच्याही डोळ्यात इबोला सापडला नाही. त्यानंतर मोतीबिंदू काढायला सुरुवात झाली.